पीळ

३ जून
आज रुजू झाले. घाईत पायमोजे उलटे घातले होते. बाई म्हणाल्या, उलटं घातलं की शकुन, चला, दिवस बरा जाणार. बाई म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. वय पंचावन्नच्या आसपास, आवाज खणखणीत. प्रयोगशाळेला दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. बाईंनी मला कपाट दिलं, हातमोजे कसे दुहेरी घालायचे ते दाखवलं आणि स्वतःच्या डब्यातला अर्धा भात वाढला. भाड्याची खोली चालत दहा मिनिटांवर आहे. खिडकीत ऊन येतं. दादाला फोन करून सांगितलं, मला इथे आवडणार.

११ जून
काम समजलं. मेंदूत एक साधं प्रथिन असतं, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या. ते गरम केलं की सत्तर अंशांच्या आसपास उलगडतं, गार झालं की पुन्हा आपल्या घडीत बसतं. पण तेच प्रथिन कधी चुकीच्या घडीत बसलं, तर शेजारच्या चांगल्यालाही तसंच वळायला लावतं, आणि हळूहळू मेंदूची चाळण होते. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, बाई म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही नमुने उकळून दाखवले. चांगलं पार विस्कटलं. बिघडलेलं होतं तसंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणून त्या स्वतःच खूप हसल्या.

२० सप्टेंबर
जिना चढताना बाई पायरी चुकतात. तीनदा पाहिलं. आज त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली, आणि मी ओ दिली नाही म्हणून रागावल्या.

४ ऑक्टोबर
जेवताना बाईंनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी बिघडलेल्या नमुन्याची काचेची नळी फुटून अंगठ्यात घुसली होती. नोंद केली असती तर कामावरून काढलं असतं, आणि लेकीचं शिक्षण चालू होतं. अंगठा धुतला, पट्टी बांधली, घरी जाऊन भाकरी थापली. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. मी बरं म्हटलं. डबा धुतला. दुपारचे नमुने लावले.

१८ जानेवारी
बाई सकाळी गेल्या. शेवटचे दोन महिने बोलत नव्हत्या. मला रडू आलं नाही.

१९ जानेवारी
बाईंची लेक आली होती. हे घराण्यातून आलंय का, मलाही होणार का, असं विचारत होती. तपासात तसं काही नाही, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी सांगितलं. मग कुठून आलं, म्हणाली. डॉक्टरांनी फाईल मिटली. त्यांना आधीच शंका असणार, पण कागदावर काहीच नव्हतं. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि नळीचं सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली. म्हणाली, माझी फी भरायची म्हणून आई गप्प बसली होय. मग म्हणाली, आईचा मेंदू इथेच ठेवा, पण हात तुम्हीच लावा, परकं कुणी नको. मी शब्द दिला.

२३ जानेवारी
बाईंच्या मेंदूचा गोठवलेला तुकडा कापताना पातं सटकलं. दोन्ही हातमोजे फाटले. डाव्या तर्जनीवर बारीक रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी. रक्त पिळून काढलं. धुतलं. नोंद केली, बाईंसारखं नाही केलं. डॉक्टरांनी नोंद वाचली, सही केली. औषध काय, मी विचारलं. नाही म्हणाले. आत्ता कळेल अशी तपासणी? तीही नाही. मग करायचं काय? ते म्हणाले, तुम्ही आजपासून रक्तदान करू नका.
परत जाऊन उरलेला तुकडा कापला. लेकीला शब्द दिला होता.

२ मार्च
ही वही कपाट आवरताना सापडली. मधे सहा वर्षं गेली, काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. काम केलं, जेवले, झोपले. स्थळ आलं, नको म्हटलं. दादाने कारण विचारलं, सांगितलं नाही. तोल जातो का म्हणून रोज सकाळी एका रेषेवर चालून बघते, ती सवय लागली. बाईंची लेक दर रविवारी येते. आम्ही भाजी निवडतो, टीव्ही लावतो. माझ्या बोटाचं तिला माहीत आहे, पण त्याबद्दल बोलत नाही.

१४ एप्रिल
रविवार. लेक माझ्या पायांकडे बघत होती. निघताना दारात मला घट्ट धरून उभी राहिली.

९ मे
हात मधेच उडतो. कप फुटला. भीती वाटायला हवी. वाटत नाही. कुणीतरी दुसऱ्याचं सांगतंय आणि मी ऐकतेय, तसं.

३० मे
डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. किती दिवस, ते सांगितलं नाही. दादा येऊन गेला. मला वाटतं दादाच. रडत होता. मी त्याला पाणी दिलं का —

जून
भाजी निवडायची असते ती — हिरवी — शब्द आत आहे, बाहेर येत नाही. लेक म्हणते लिहा, रोज थोडं लिहा. तिची आई आत झोपलीय का विचारलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

गुरुवार
कामावर आले. दार उघडेना. आतून एक बाई आली, पांढरा कोट, ओळखीची नाही. कुणाला भेटायचंय, म्हणाली. मी म्हटलं मी इथेच काम करते, सरका, नमुने उकळत ठेवलेत. ती फार हळू बोलत होती. म्हणाली काल पण आला होतात. परवा पण. बसा, जुन्या बाईंच्या लेकीला फोन केलाय, त्या न्यायला येतायत. बाकावर बसून लिहितेय. ती काचेतून बघते. आत माझं कपाट दिसतं — त्यावर दुसरं नाव आहे. मी विचारलं मी हे काम कधी सोडलं. ती जवळ येऊन बसली, हात धरला, आणि म्हणाली — काय म्हणाली ते आत्ता आठवत होतं —