पुढची सीट

खालापूर, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

पेट्रोल महागलं म्हणून चौघांनी एकाच गाडीतून मोहोपाड्याच्या कारखान्यात जायचं, हे मंडळ मीच काढलं, म्हणून अध्यक्षही मीच. एकट्यानं जायचा कंटाळा हेही कारण होतं, ते कुणाला सांगितलं नाही.

आज नाक्यावर पोचलो तेव्हा गाडीत हसणं चाललं होतं. मला पाहून सगळे गप्प.

"साहेब, पुढं बसा," गाडीवाले पाटील म्हणाले.

"मागं चालेल की."

"अध्यक्षाला मागं कोंबला तर लोक आमाला हसतील. जाधवा, उतर रं."

जाधव मागे गेला. मग कारखान्यापर्यंत कोणी बोललं नाही. उशिरा येणाऱ्यांना मी फार टोकतो का? पण पुढची सीट मी कधी मागितली?

मागे बसू द्या, असं उद्या म्हटलं, तरी त्यांना तो अध्यक्षांचा हुकूमच वाटेल.