न बोललेला रेडिओ

सावेडी, रविवार संध्याकाळ, डिसेंबर १९७१

आजही रेडिओ बोलला नाही. दादा सीमेवर, लढाई पेटलेली, आणि मी इथे रेडिओचे सुटे भाग जोडत बसलेय. तीन पायांचा तो इवलासा भाग देताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, हाच ट्रान्झिस्टर चालेल." कुठला चालतोय! ज्या मासिकात बघून मी रेडिओ जोडतेय, त्यातल्या आकृतीत वेगळ्याच जातीचा दाखवला होता. बॅटरी लावताच तो तापून जळाला, माझं बोट भाजलं. आधी का नाही पडताळून पाहिलं मी? बोट अजून चुरचुरतंय. दुसरा आता पुण्याहूनच आणावा लागेल. तोवर दादाचं कसं कळणार?

आईला म्हटलं, शेजारी जाऊन बातम्या ऐकू या. ती म्हणाली, "लोकांदेखत नको गं. काही वाईट आलं, तर मला रडता यायला हवं."

मी उठून दार लावलं आणि तिच्याजवळ बसले.