भिवाशेठचं गाऱ्हाणं

।। श्री ।।
मानपाडा, ता. २२ डिसेंबर

चि. रंगूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा फोन आला की आमचा संदेश तो माझ्या कानाला लावतो आणि मी नुसता हो हो करतो, हे तुला कळत असणारच. कंपनीतल्या मशिनींनी कान खाल्ले. डोळे अजून शाबूत आहेत, म्हणून लिहितो.

पालिकेची निवडणूक लागली आहे. भिवाशेठ पुन्हा उभा आहे, या खेपेला तिसऱ्याच झेंड्याखाली. रविवारी सोसायटीच्या गणपतीपुढे त्याच्या प्रचाराचा नारळ फुटणार आणि देवाला गाऱ्हाणं मीच घालायचं, असा निरोप आहे. मागच्या निवडणुकीतही मीच घातलं होतं. हा माणूस आमच्या नळाला पाणी आणणार आहे, याला यश दे, असं देवाला सांगितलं. सगळी सोसायटी 'व्हय म्हाराजा' म्हणाली आणि मतंही देऊन आली. पाणी अजून टँकरनेच येतं. नाक्यावर लोक त्याला शिव्या घालतात, पण मत कोणाला म्हणून विचारलं तर माझंच नाव घेऊन म्हणतात, गुणाजीनाना सांगतील त्याला. रंगू, भिवाशेठवर कोणाचा काडीचा विश्वास उरलेला नाही. माझ्यावर आहे, आणि तोच त्याला हवा आहे.

संदेश त्याच्याच कार्यालयात नोकरीला आहे, हे तुला नव्याने सांगायला नको. मला काही सुचत नाही.

तुझी माया आहेच, सोबत उत्तरही धाड.
तुझा,
दादा

।। श्री ।।
कोपरी, ता. २५ डिसेंबर

ती. दादास, रंगूचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. इकडे तरी काय वेगळं आहे? गेल्या खेपेला एकमेकांचे बॅनर फाडणारे दोघे आता एकाच बॅनरवर हात जोडून उभे आहेत. महिला मेळाव्यात स्टीलचे डबे वाटले, मीही घेतला. मत कोणाला देणार, ते आम्ही बायका त्या डब्यालासुद्धा कळू देत नाही.

पण तुला देवापुढे उभं राहायचंय. खोटं बोलू नकोस आणि खरंही बोलू नकोस. शनिवारीच पाय मुरगळला म्हणून सांग आणि इकडे ये. तुला नाटक जमत नाही, हे मला ठाऊक आहे. लहानपणी आंबे आम्ही चोरायचो आणि चेहरा तुझा पडायचा. या वेळी तेवढं जमव. संदेशची कंपनी बंद पडल्यावर तो कसा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, ते आठव. सुनेने, संचिताने, तेव्हा घर कसं रेटलं, तेही आठव. एका गाऱ्हाण्यापायी पोराची नोकरी घालवू नकोस रे.

राग आला तर इथे येऊन काढ, चहा तयार असेल.
तुझी,
रंगू

।। श्री ।।
मानपाडा, ता. २८ डिसेंबर

चि. रंगूस, आशीर्वाद.

मी आलो नाही. काल भिवाशेठची पोरं घरी येऊन पाया पडली आणि जाताना न विचारता आमच्या दारावर झेंडा लावून गेली. संदेशने तो पाहिला, पण काढला नाही. जेवताना त्याने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं की बाबा, चार शब्द बोला, देव समजून घेईल. मी मान डोलावली.

पण आज नारळ हातात आला आणि ते चार शब्द जिभेवर येईनात. मी डोळे मिटले आणि देवाला सांगितलं की हा माणूस तुझ्यापुढे पाण्याचा शब्द देऊन गेला होता, तो त्याला आठवू दे. आठवत नसेल तर त्याला पुन्हा या पायरीवर आणू नकोस. मग थांबलो. कोणी 'व्हय म्हाराजा' म्हणालं की नाही, मला बहिऱ्याला कसं कळणार? डोळे उघडले तर भिवाशेठचा चेहरा काळाठिक्कर, लोक माना खाली घालून उभे, आणि संदेश जागेवर नाही. त्याचं पक्षाचं उपरणं पायरीवर पडलेलं. मी पोराला चारचौघांत तोंडघशी पाडलं.

तो घरी आलेला नाही, फोन बंद आहे. दारात शेजारपाजारचं कोणी फिरकलेलं नाही. संचिता त्याला शोधायला तुझ्याकडे निघाली आहे, तिच्याच हाती हे पत्र देतो. तो माझ्याशी कधी बोलला नाही तरी चालेल. सुखरूप आहे, एवढं कळव. फार भीती वाटते आहे.
दादा

।। श्री ।।
कोपरी, ता. २९ डिसेंबर

ती. दादास, सा. नमस्कार.

संदेश इथेच आहे. तुझं पत्र वाचलं आणि लहान पोरासारखा रडला. त्याला लिहवत नाही, म्हणून त्याने सांगितलं ते मी लिहिते.

तू बोलायचा थांबलास तेव्हा कोणीही काही म्हणालं नाही. भिवाशेठ आणि त्याची पोरं एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तू मात्र डोळे मिटून वाट बघत उभा. ते त्याला बघवेना. त्याने उपरणं काढून पायरीवर टाकलं आणि सगळ्यांदेखत ओरडला, व्हय म्हाराजा. एकटाच. मग तिथून निघाला तो थेट इकडे आला.

नोकरी गेली, दादा. रात्रीच तसा निरोप आला. भिवाशेठ कदाचित निवडूनही येईल, लोकांचं काय सांगावं. पण मी तुला जे करू नकोस म्हटलं होतं, ते तू केलंस याचा मला आज आनंद आहे.

आज संध्याकाळी दोघं तिकडे येतील. त्याला काही विचारू नकोस, नुसतं ताट वाढ. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो तसाच राहू दे.
तुझी,
रंगू

ता. क. दारावरचा तो झेंडा काढू नकोस. संदेश म्हणतो, तो मीच काढणार.