शेड वर्षाराणीचं, ड्रमसकट

मी, खाली सही करणारा ज्योतीराम सखाराम येळवंडे, वय ६३ वर्षे, धंदा पूर्वी फोर्जिंग कंपनीत हॅमर ऑपरेटर, आता काही नाही, राहणार मौजे करंजवाडी, चाकणजवळ, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ऑपरेशन हृदयाचं झालं, डोक्याचं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणी आमिष दाखवलेलं नाही. राग मात्र आहे. वकीलबाई मंजुषाताई म्हणाल्या, "काका, जरा शांत झाल्यावर लिहा." मी म्हणालो, शांत झालो की लोक माझ्याकडून हवं ते करून घेतात, म्हणून रागातच लिहितो. त्यांनी सांगितलं की कायद्याने राग हा दबाव धरत नाहीत. तेव्हा लिहितो.

माझी पत्नी रुक्मिणी सहा वर्षांपूर्वी वारली. मागे दोन मुलं आहेत. मुलगा सिद्धेश, वय ३४, विवाहित. मुलगी वर्षाराणी, वय २८, अविवाहित. थोरले बंधू कोंडीराम शेजारीच राहतात, त्यामुळे या कागदाची बातमी त्यांना शाई वाळायच्या आत मिळेल. मिळू दे.

कलम १. राहतं घर गच्चीसह सिद्धेश आणि त्याची बायको दीपमाला या दोघांच्या नावे, निम्मं निम्मं. सिद्धेशवर माझा राग आहे, पण त्याला घराबाहेर काढावं इतका नाही. दीपमालाचं नाव मुद्दाम घातलं आहे. ऑपरेशननंतर अकरा दिवस डबा तिने आणला. सिद्धेशने काय आणलं ते पुढे येईल.

कलम २. बँकेतली ठेव आणि कंपनीकडून आलेलं जे काही शिल्लक असेल ते दोन्ही मुलांना सारखं. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे पान्यांची पेटी, दोन सांडश्या आणि लोखंड घट्ट पकडणारा मोठा व्हाइस, वर्षाराणीला. सिद्धेश सुपरवायझर झाल्यापासून पाना हातात धरत नाही. राणी एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि ड्रमचे स्टँड स्वतः दुरुस्त करते. व्हाइसला वर्षातून दोनदा ग्रीस लावावं.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. गट नंबर २१७ मधले दोन गुंठे मी नोकरीत असताना माझ्या नावे घेतले. ते वडिलोपार्जित नाहीत, माझ्या कष्टाचे आहेत, त्यात कोंडीरामचा किंवा सिद्धेशचा सुईच्या टोकाएवढा हक्क नाही. त्यावर पत्र्याचं शेड आहे. ते जागेसह, वीजमीटरसह, आतल्या ड्रमसेटसह आणि भिंतीला ठोकलेल्या जुन्या गाद्यांसह वर्षाराणीचं एकटीचं राहील. तिने लग्न केलं तरी तिचं, न केलं तरी तिचं. तिने ड्रम वाजवणं सोडलं तरी तिचं. मी अट घालत नाही. अटी घालणारे घरात पुरेसे आहेत.

राणी हेवी मेटल वाजवते. हे काय असतं ते उद्या ज्याला वाचावं लागेल त्याच्यासाठी सांगतो. दोन गिटार, एक ड्रमवाली, एक गाणारा. गाणारा गात नाही, ओरडतो. हे सगळं फार जोरात आणि फार भरभर चालतं. कॉलेजात असताना राणीला हे लागलं. पिंपरीला संत तुकाराम नगरमध्ये एका सरांकडे ती शिकली, पगार सुरू झाल्यावर ड्रमसेट घेतला आणि घरात मांडला.

मला त्याचा संताप यायचा. मी एकतीस वर्षं दोन टनी हॅमरखाली लाल लोखंड सांडशीत धरलं. पाळीला हजारेक वेळा तो हॅमर पडायचा. शिफ्ट संपवून घरी यावं आणि पोरीने पुन्हा तेच सुरू करावं? एके दिवशी मी पत्रा कापायच्या कात्रीने तीन ड्रमचे पडदे फाडले. तिच्यासमोर. ती रडली नाही. दुसऱ्या रविवारी सगळं सामान एकटीने उचलून शेडमध्ये नेलं, नवे पडदे बसवले, आणि आठ महिने माझ्याशी बोलली नाही. ती कात्री पान्यांच्या पेटीत आहे. राणीने ठेवावी किंवा भंगारात द्यावी, तिची मर्जी.

नंतर माझे कान गेले. रिटायर झाल्यावर मी गावच्या देवळात भजनाला बसायला लागलो, तेव्हा ते नीट कळलं. समोर बारा जण टाळ वाजवताना दिसायचे आणि मला एकही टाळ ऐकू यायचा नाही. बारीक आवाज सगळे गेले होते. नातवाचं बोलणं गेलं, कुकरची शिट्टी गेली. त्या दिवशी चिडून देवळातून उठलो आणि शेडवर गेलो, राणीला झापायला. कोणावर तरी राग काढायचा होता. दारात उभा राहिलो आणि तिच्या पायाखालचा मोठा ड्रम थेट माझ्या पोटात आला. स्वच्छ. एकेक ठोका वेगळा. कितीतरी महिन्यांनी मला काही पूर्ण ऐकू आलं होतं. राणीने मला पाहिलं आणि हात थांबवले. मी म्हणालो, "थांबू नको." आणि पालथ्या बादलीवर बसलो.

बसल्या बसल्या मला एक गोष्ट समजली. हॅमर चालवायचो मी, पण तो माझा नव्हता. तो कधी पडायचा आणि कधी थांबायचा हे वर साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये ठरायचं. हा आवाज राणीचा आहे. तिला हवा तेव्हा सुरू होतो, आणि तिने पाय उचलला की बंद. तिच्यासोबत गिटार वाजवणारा गणराज लातूरकडचा आहे, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसखाली पत्रा ठोकून भाग काढतात तिथे, कामाला आहे. त्याला मी विचारलं, तुला यात काय सापडतं? तो म्हणाला, "काका, आठ घंटे 'हो साहेब, हो साहेब' म्हणावं लागतंय. हितं गिटार वाजवत दीड घंटा बोंबलतो. मग घरी गेल्यावर बायकोवर आवाज चढत नाही बघा." मला हे पटलं. मी आयुष्यभर घरी येऊन रुक्मिणीवर ओरडलो. मला शेड नव्हतं.

गाणाऱ्याचं ओरडणं मला अजूनही आवडत नाही. त्याच्या घशाची काळजी वाटते. पण दर रविवारी मी त्या बादलीवर असतो.

कोंडीरामचं म्हणणंही लिहितो, म्हणजे एकतर्फी लिहिलं असं व्हायला नको. तो म्हणतो, "ह्ये गाणं हाय व्हय? यात शबुद कुटं हायेत? आन पोरीच्या जातीनं पाय फाकून बसायचं आन बडवायचं, चांगलं दिसतंय का?" थोरल्या, आता ऐक. गावच्या यात्रेत डीजेची भिंत आणतात, तिने आपल्या आळीतल्या तीन घरांच्या काचा फुटल्या. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तीच भिंत. दोन्ही वेळा तू फेटा बांधून तिच्यापुढे उभा होतास आणि वर्गणीच्या पावत्याही तूच फाडल्यास. त्रास आवाजाचा असता तर तो तुला तेव्हाही झाला असता. तुला खटकते ती पोरगी, जी कोणालाही न विचारता आवाज करते. एवढं सरळ बोलायची तुझी हिंमत नाही, म्हणून तू शब्द शोधत बसतोस.

या दिवाळीच्या आधी मला झटका आला आणि पिंपरीला ॲडमिट केलं. मी तिकडे असताना कोंडीराम आणि सिद्धेश यांनी शेडचं कुलूप तोडलं, ड्रम अंगणात काढले, देवऋषी बोलावून त्यांच्यावरून लिंबं उतरवली. माझं हृदय या आवाजाने बिघडलं म्हणे. राणीचं लग्नही यानेच अडलंय म्हणे, कारण माणहून तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी आधीच फोटोत तिच्या टी-शर्टवर कवटी पाहिली. हृदय बिडीने बिघडलं हे डॉक्टरांनी दोघांना तोंडावर सांगितलं आहे. आणि माणचे पाहुणे आले नाहीत हे बरंच झालं.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी सिद्धेश कागद घेऊन आला. माझा चष्मा कपाटात होता, कानातलं यंत्र काढलेलं होतं. त्याने कागद छातीपाशी धरला आणि कानाशी तोंड आणून ओरडला, "अण्णा, हितं सही करा. विम्याचं हाय." पेन त्याने बोटांत अडकवून दिला. मी चष्मा मागितला. "कशाला तरास घेता? नर्स थांबलीय." मी पेन खाली टाकला तेव्हा त्याने चष्मा दिला. ते संमतीपत्र होतं. शेड पाडून तिथे कामगारांसाठी बारा खोल्या बांधायला माझी हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून कोंडीरामची सही आधीच होती.

पोटच्या पोराने, छातीचे टाके ओले असताना. हे मी विसरणार नाही आणि मेल्यावरही विसरलं जाऊ नये म्हणून इथे लिहितो.

कलम ५. माझ्या कानांच्या तपासणीची फाइल सिद्धेशला. कंपनीत दरवर्षी कान तपासायचे आणि दरवर्षी 'ठीक' असा शिक्का मारायचे. पहिली दोन वर्षं सोडली तर एकोणतीस शिक्के आहेत. ज्या वर्षी मला रुक्मिणीची हाक ऐकू येईना त्या वर्षीचाही आहे. सिद्धेश, तू प्रेस शॉपमध्ये उभा असतोस आणि कानाला काही लावत नाहीस, कारण साहेब लावत नाहीत. तुझे कान अजून शाबूत आहेत. बहिणीचे ड्रम तुला सहन होत नाहीत, तर आधी त्या प्रेसविरुद्ध तोंड उघड. रागात असलो तरी हे मी बाप म्हणून लिहितो आहे.

कलम ६. माझी दशक्रिया इंद्रायणीच्या घाटावर साधी करावी. कोणत्याही पुढाऱ्याच्या हातात माइक देऊ नये. मला न ओळखणाऱ्या माणसाने कावळा खोळंबून ठेवून माझ्याबद्दल भाषण करायचं नाही. राणीच्या बँडनेही वाजवू नये. त्यांचं वाजवणं जिवंत माणसांसाठी आहे.

कलम ७. हे कलम काल दुपारपर्यंत या कागदात नव्हतं.

साक्षीदार म्हणून मी धाकटी बहीण गवराबाई हिला बोलावलं. तिला कलम ४ दाखवून म्हणालो, माझ्यामागे हे दोघे राणीला हक्कसोडपत्रावर सही करायला लावतील, साडीचोळी देतील, भावाशी वाकडं नको म्हणून समजावतील, तू तिच्या बाजूने उभी राहा. गवरा म्हणाली, "दादा, आदी समदं वाचून दाव. म्या न वाचता सही करनार न्हाई." मी पहिल्यापासून वाचलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. सिद्धेशने दवाखान्यात कागद आणला तिथपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "आन माजं कुटंय?"

मी पान उलटलं. ती पुन्हा म्हणाली, "पोरानं केलं त्ये लिवलंस. त्यो कुनाकडनं शिकला त्ये बी लिव्ह की."

म्हणून लिहितो. २००३ साली भाऊबीजेला गवरा माहेरी आली होती. तेव्हा वडिलांच्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडून देणारा कागद मी आणि कोंडीरामने तयार करून ठेवला होता. आम्ही तिला सांगितलं की ही तलाठ्याकडची वारसनोंद आहे, तुझं नाव लागणार आहे. ती अंगठा लावायची. अंगठा असला की निबंधक कचेरीत जास्त विचारतात असं कोणी तरी म्हणालं, म्हणून मी तिला दोन दिवस पाटीवर नाव गिरवायला शिकवलं. तिला फार आनंद झाला होता. तिने शेजारणींना पाटी दाखवली. तिसऱ्या दिवशी तिने कचेरीत तिची पहिली सही केली आणि बाहेर आल्यावर मी तिला साडी घेतली. खरं काय ते तिला चार वर्षांनी कळलं. ती भांडली नाही. त्यानंतरही दर भाऊबीजेला येऊन तिने मला ओवाळलं, आणि मी ओवाळून घेतलं. सिद्धेश तेव्हा तेरा वर्षांचा होता, आमच्यासोबत कचेरीत आला होता. चष्मा न देता सही कशी घ्यायची हे त्याला कोणाला शिकवावं लागलं नाही. या कागदात मी ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्या आधी माझं नाव यायला हवं होतं.

मी तिला म्हणालो, तुझा वाटा परत लिहून देतो. ती म्हणाली, "कुटनं देशील? ती जमीन कवाच कंपनीच्या कंपाउंडात गेली. मला काय बी नगं. आपल्या हातानं लिव्ह, की गवराला फसावलं. राणीला वाचाया ऱ्हाईल. तिच्याम्होरं कागद आला तर ती आदी वाचंल."

मी ज्योतीराम येळवंडे, माझी बहीण गवराबाई हिला फसवलं. शुद्धीवर असताना, कोणाचाही दबाव नसताना फसवलं.

वरील मजकूर माझा आहे. यात खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिन्ही कलम ७ मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी मी सही केली आहे. पुढे माझ्या नावाने दुसरा कागद निघाला, तर तो करताना माझ्या डोळ्यांवर चष्मा होता का, हे कोर्टाने आधी विचारावं.

ठिकाण : चाकण
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४

मृत्युपत्र करणार :
ज्योतीराम सखाराम येळवंडे (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली.

साक्षीदार :

१. गणराज माधवराव सूर्यवंशी, राहणार खराबवाडी (सही)

२. गवराबाई बबन टेमगिरे, राहणार शेलगाव (सही)
सगळा कागद मला दोनदा वाचून दाखवला. मला समजला. मग सही केली.