तक्रार नाही

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू विषय पडद्यांच्या कापडावर नेतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर कागदच सांभाळतेस, तेव्हा हाही सांभाळ.

माझी खुशाली अशी की संततिनियमनाची गोळी बंद करून चौदा महिने झाले आणि पाळी आली दोनदा. हनुवटीवर पंधरा वर्षांच्या पोरीसारखे फोड आणि डोक्यावर साठीच्या बाईसारखा भांग, मधल्यामध्ये मी पस्तिशीची. न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा बोळा अडकतो. नवरा माझ्या आधी उठून तो काढतो आणि काही बोलत नाही. बस चालवताना सगळ्या रस्त्याच्या नावाने ओरडणारा माणूस, पण त्या बोळ्याबद्दल एक अक्षर नाही. मी तो कचऱ्यातून परत काढते, धुते आणि बटणांच्या रिकाम्या डब्यात ठेवते. का, ते विचारू नकोस, फेकवत नाही एवढंच.

इथे एक नवीन डॉक्टरबाई मिळाल्या आहेत. त्यांनी रक्त तपासलं तर थायरॉईड बिघडलेला निघाला आणि आणखी एक हार्मोन नको तेवढं वाढलेलं. गोळीने हे केलं असं त्या म्हणत नाहीत, गोळीने झाकून ठेवलं म्हणतात. सुरुवातीलाच माझी पाळी पुढेमागे व्हायची, तेव्हा आधी तपासायला हवं होतं. गोळीवर असताना दर महिन्याला येत होतं ते गोळीचं होतं, माझं नव्हतं. आणि मी आपली नऊ वर्षं खूश, की घड्याळासारखं चाललंय. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा चमकतात हे सांगितलं, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. असं होणाऱ्या बाईला ही गोळी देतच नाहीत, अर्धांगाचा झटका येऊ शकतो, म्हणाल्या. मूल होईल का, हेही मी विचारलं. हे दुखणं कधीपासूनचं आहे ते आधी कळू दे, आधीच्या डॉक्टरकडचा जुना केसपेपर आणा, असं त्यांचं उत्तर.

तो कागद तुझ्या खिडकीमागच्या कपाटात आहे. दर सहा महिन्यांनी मी तुला फोनवर काय होतंय ते सांगायचे, तू त्यावर लिहायचीस, डॉक्टर सही करायचा आणि तू गोळीची चिठ्ठी पोस्टाने पाठवायचीस. मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः आत गेले, तर त्याने वर न बघता कागद चाळला आणि म्हणाला, नऊ वर्षं काही नव्हतं आणि आता एकदम सगळं कसं? मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका, जाईल. बहीण आहे म्हणून सांगू नकोस असं तू बजावलं होतंस, म्हणून मी गप्प बसले. पण तो खोटं बोलला, ताई. सगळं लिहिलेलं समोर असताना खोटं बोलला. मला त्याला सोडायचं नाहीये. कागद मिळाला की एक प्रत डॉक्टरबाईंना आणि एक तक्रार समितीला.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, कागद तेवढा पाठव.

तुझी,
बारकी


१५ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. इतकी चिडू नकोस गं. लहानपणी मी तुझी बाहुली मोडली म्हणून तू माझ्या बुटांत डिंक ओतला होतास, तेव्हापासून तुझ्या रागाची मला धास्तीच आहे. केसांना कोमट तेल लाव आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस.

कागदाचं बघते. जुने गठ्ठे माळ्यावर टाकलेत, शिडी हलते आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. डॉक्टरांची चाळीस वर्षं पूर्ण होताहेत म्हणून महिनाअखेरीस नगरभवनात सत्कार आहे, त्यामुळे सगळे त्याच गडबडीत.

त्यावरून आठवलं. डॉक्टरांना नवा कोट हवाय आणि मी बोलून बसले की माझी बहीण कोट शिवते. आता रागावशील, पण तोंडातून निघून गेलं. त्यांनी लगेच मापं दिली, सोबत पाठवते आहे. पोट मी टेप सैल धरून घेतलंय, तू अजून एक बोट वाढव. तुला नको असेल तर तुझ्या दुकानातल्या मास्तरांना दे, पण नाही म्हणू नकोस. माझी अडचण होईल.

तब्येतीला जप. मोठ्या बहिणीवर माया ठेवावी, ती नेहमी चुकीची नसते.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट मीच शिवणार. मास्तरांना मापांना हातसुद्धा लावू दिला नाही. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, इतक्या प्रेमाने तू नवऱ्याची पँटसुद्धा कधी शिवली नाहीस.

काय शिवते आहे ते तुला सांगते, कारण तू जाऊन त्याला सांगणार नाहीस. चांगल्या कोटाच्या छातीत, वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, घोड्याच्या केसांचं विणलेलं एक कडक कापड असतं. त्यानेच कोट ताठ उभा राहतो, आतला माणूस कसा का असेना. मी तिथे थोडी भर घातली. डब्यातले चौदा महिन्यांचे केस काढले, कात्रीने अगदी बारीक कापले, न्हाव्याकडून आल्यावर मानेत टोचतात ना, तेवढे. ते कॉलरच्या आत आणि डाव्या छातीवर, सहीचं पेन लावतात त्या खिशामागे, सुती जाळीत भरून पक्क्या टाक्याने बसवले. अस्तराला वरून इस्त्री मारली. बघितलंस तर काही दिसणार नाही. हात फिरवलास तरी लागणार नाही. तासभर घालून बसलं आणि घाम आला की एकेक टोक वर येईल.

हे करताना मला किती बरं वाटलं, काय सांगू. सगळं सोसणारी बाई व्हायचा माझा स्वभाव कधी नव्हताच. त्याने नऊ वर्षं माझ्या अंगात काय चाललंय ते झाकलं, मी त्याच्या अंगाला चार तासांची खाज लावून देते आहे.

कोट पार्सलने निघालाय. पोटाला दोन बोटं वाढवली आहेत, त्या बाबतीत मी प्रामाणिक आहे. आता माळ्यावर चढ. शिडी हलत असेल तर खालून धरायला कंपाउंडर आहेत.

उत्तराची वाट बघते, गुडघ्यांची चौकशी नंतर करीन.

तुझी,
बारकी


३ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

सत्कार पार पडला. कोट सगळ्यांना आवडला आणि मला घाम फुटला. पहिलं भाषण होईपर्यंत ते ठीक होते. दुसऱ्यात त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. तिसऱ्यात बोट कॉलरमध्ये. स्वतः बोलायला उभे राहिले तेव्हा वाक्या-वाक्याला छाती चोळत होते. लोकांना वाटलं, भरून आलंय. पुढच्या रांगेतल्या एक बाई तर डोळे पुसायला लागल्या.

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, हे बरं नाही. म्हातारा माणूस आहे. तेवढ्यावर सोड ना.

कागद सापडत नाहीये. कुणी वेगळ्या गठ्ठ्यात ठेवला असेल. डॉक्टर कामासाठी तुमच्या शहरात येणार आहेत, कोट दुरुस्तीला घेऊन येतील. नीट वाग. मी अजून इथे नोकरीला आहे हे विसरू नकोस.

ताईवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आला होता. दुकानात मी एकटीच होते, मास्तर बटणं आणायला गेले होते. त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, मागच्या वेळी वर बघितलं असतं तर ना. तुमच्या ताई फार चांगल्या हो, म्हणाला.

मग कोटाचं गाऱ्हाणं सुरू. टोचतो, मानेला पुरळ येतं, कपडे काढल्यावरही दोन दिवस आग होते, दुसऱ्या कुठल्या कोटाने असं होत नाही. मी शांतपणे सगळं ऐकलं. कोट खुर्चीवर पसरला, कॉलर उलटी केली, टाके मोजले, उजेडाकडे धरून बघितला. त्याने माझ्यासाठी कधी एवढं केलं नव्हतं. मग मी त्याला म्हटलं की मला तर काहीच दिसत नाहीये. अस्तर चांगलं आहे, शिलाई चांगली आहे. मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका, जाईल.

त्याने कॉलर परत उलटी करून बघितली. म्हणाला, अहो, पण मला होतंय ना. मी म्हटलं, वयाने होतं असं, घालत राहा.

ताई, मी त्या वाक्यासाठी नऊ महिने थांबले होते. तो गेल्यावर मी दार लावून मशीनवर डोकं टेकून बसले. हसले, मग रडले, मग परत कामाला लागले. मला वाटलं होतं पोट भरेल. नाही भरलं. पुरळ जातं, माझं काय जाणार आहे?

म्हणून शेवटचं सांगते. दहा दिवसांत कागद आला नाही तर मी समितीला लिहिणार, मग ते सगळं कपाट उचलून नेतील. सापडत नाही हे आता मला सांगू नकोस.

माया आहे, पण वाट बघून बघून पातळ झाली आहे.

तुझी,
बारकी


२० फेब्रुवारी

बारके,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. कागद सोबत आहे. माळ्यावर नव्हता, पहिल्या दिवसापासून माझ्या खणात होता.

बघशील तेव्हा कळेलच. पहिल्या ओळीत डॉक्टरांचं अक्षर आहे. त्याखालच्या अठरा ओळी माझ्या. अठराही ठिकाणी एकच लिहिलंय, तक्रार नाही. खाली त्यांची सही.

आमच्याकडे नियम आहे. कागदावर तक्रार लिहिली की पेशंटला आत बसवावंच लागतं, नुसती सही मिळत नाही. तू दुसऱ्या शहरात, दुकानातली तुझी नोकरी नवीन, सुट्टी मिळायची नाही. पहिल्यांदा वाटलं, डोकंच तर दुखतंय, त्यासाठी एवढ्या लांबून कशाला ओढायची. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. नंतर नंतर तू रेघांचं बोलायला लागलीस, तेव्हा मला भीती वाटली. पण आता लिहिलं तर आधीचं का नाही लिहिलं हे डॉक्टर विचारतील, पेशंटला न आणता सह्या घेतल्या हे बाहेर येईल, म्हणून मी तुला तेल लावायला सांगत राहिले.

ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी वर बघितलं नाही, ते मात्र खरं. मी तुझं चांगलं करायला गेले गं. असं म्हणायचीही लाज वाटते.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर तुझा कागद कापायच्या टेबलावर होता. मास्तरांनी दोनदा उचलून बाजूला ठेवला, मी दोनदा परत मध्ये ठेवला.

मी चुकीच्या माणसाच्या मापाचा कोट शिवला. म्हणजे त्याचाही होताच, अठरा वेळा तोंड न बघता सही करणाऱ्याला पुरळ कमीच आहे. पण तू ऐकत होतीस, ताई. त्याने ऐकलंच नाही, तू ऐकलंस आणि नाही लिहिलंस. रडू नकोस, मला तुझ्या रडण्याचा राग येतो.

आता असं करायचं. सोबत कोरे कागद आहेत. अठरा तारखा घाल आणि प्रत्येकीपुढे मी फोनवर काय सांगितलं होतं ते लिही. तुला सगळं आठवतं, बाहुली आणि डिंकसुद्धा आठवतो. तुझ्याच अक्षरात, खाली तुझी सही. एक प्रत माझ्या डॉक्टरबाईंना. दुसरी घेऊन तू समितीपुढे उभी राहायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. नोकरी जाईल हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच सांगते आहे.

कळावे. लोभाचं, तू तिथे वाचून झाल्यावर बघू.

बारकी


१६ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, घेतलेस तर.

काल वाचलं. लांबट टेबल, पाच माणसं, एक पाण्याचा जग. आठव्या तारखेपर्यंत माझा आवाज बरा होता. नवव्या तारखेपुढे डोळ्यांपुढे रेघा असं मी लिहिलंय, तिथे अडकले. अध्यक्षबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.

डॉक्टर समोर बसले होते. कोट तोच होता. मी वाचत असताना त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. मग मान खाजवली. त्यांना सहा महिने प्रॅक्टिसची बंदी झाली. मला काल संध्याकाळीच घरी पाठवलं. खिडकीतल्या माझ्या खुर्चीवरची पाठीची उशी घेऊन आले, बाकी काही माझं नव्हतंच.

महिनाअखेरीस एका शाळेच्या कचेरीत मुलाखत आहे. धड काही घालायला नाही, ते असो. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते कळव, माझ्यासाठी नाही तरी कळव. आणि आता तरी राग गेला का, एवढं लिही.

तुझी असेन तर तुझीच,
ताई


२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी यादी डॉक्टरबाईंनी दोनदा वाचली. चौथ्या तारखेपासून थायरॉईडच्या खुणा दिसतात म्हणाल्या, म्हणजे निदान सात वर्षं. औषध बदललंय. या महिन्यात पाळी आली, माझी स्वतःची. मुलाचं वर्षभराने बघू म्हणाल्या, नाही असं म्हणाल्या नाहीत. जाळीतला बोळा अजून निघतो, पण आता नवऱ्याला तो चिमटीत धरता येतो.

राग गेला का, असं विचारलंस. नाही गेला. तक्रार आहे, तसंच लिहून ठेव.

मुलाखतीला जुनी शाल पांघरून जाऊ नकोस. शनिवारी ये, मी मापं घेते, मंगळवारपर्यंत कोट देते. कापड राखाडी आहे, तुला शोभेल. आत काय भरायचं ते मात्र मी अजून ठरवलेलं नाही.

तुझी,
बारकी