फ्लॉवरचा पिझ्झा आणि परत आलेलं ताट

तीर्थरूप साळूअक्कास, डिंभ्याहून धाकट्या गेणूचा दंडवत. तुम्ही सगळी बरी असालच. ओझरात गणपतीच्या शेजारी राहून तुम्ही बरी नसाल, तर आम्ही कुणाकडे बघायचं?

इकडे तुझ्या भावजयीचं, गजराचं आहे तसंच आहे. डॉक्टर म्हणाले, आधी दहा किलो वजन उतरवा, मगच गुडघ्यांचं ऑपरेशन. तोवर ओट्यावरून अंगणात उतरायलाही तिला माझा खांदा लागतो. (खांदाही काही नवा नाही.) सूनबाईंनी, म्हणजे आरतीनं, मोबाईलवर बघून कीटो नावाचं पथ्य काढलं: भाकरी, भात, गूळ बंद, लोणी, पनीर, अंडी चालू. मेंढरांमागे हिंडणाऱ्या आपल्या आज्याला हे कळलं असतं, तर त्यानं आरतीलाच डॉक्टरकडे नेलं असतं. गजरानं एकदा मंचरला पिझ्झा खाल्ला होता. ती म्हणाली, "भाकर न्हाई तर न्हाई, त्यो पिझ्झा तरी करा."

मग आरतीनं फ्लॉवर किसला, फडक्यात पिळला, अंडं-चीज घालून तव्यावर थापला. पहिला उलटताना मोडला. तो भुर्जी म्हणून मी खाल्ला. दुसरा जमला. पण घरात नवीन काही झालं की शेजारी द्यायचं, ही आपली रीत, म्हणून चतकोर पिझ्झा ताटात घालून शेजारच्या अंबाबाईकडे गेला. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही अंबाबाईची रीत. संध्याकाळी ताट आलं, त्यात दोन पुरणपोळ्या, वर तूप. आणि दारी आलेलं अन्न टाकायचं नाही, ही गजराची रीत. पुढे आळीभर हेच चाललं: इकडून पिझ्झा जायचा, तिकडून शिरा नाहीतर लापशी यायची. महिन्यानं काट्यावर गजरा दीड किलो वाढली. (मी किती, ते विचारू नकोस.) अंबाबाई मात्र भेटली की विचारते, "भाऊ, त्ये फ्लॉवरचं धिरडं परत कवा करताय? लई झ्याक व्हतं."

बाकी सगळं ठीक.
तुझा गेणू

ता. क. आज आरतीनं चोरी पकडली. ताट कुणाकडे पाठवायचं ते गजराच सांगते, आणि ज्या घरी गोडाचं केलेलं असेल तेच घर सांगते. मी रागावलो, तर गजरा म्हणाली, "वजन उतरलं तर फाडत्याल की मला."

ता. क. आणखी एक. तुझे दोन्ही गुडघे बदलून झालेत. मिळेल ती एसटी धरून ये आणि आमच्या अंगणात तिच्यादेखत चार फेऱ्या मार. उपदेश नको, नुसती चाल. भीती मलाही वाटते, अक्का. ते तिच्यापाशी बोलता येत नाही, म्हणून तुला एवढं पिझ्झ्याचं लिहीत बसलो.