डावा हात आणि कंगवा

अहो,

आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. तेव्हा चष्मा शोधा आणि बसून सावकाश वाचा.

मी नागिणीची लस घेतली. तुम्ही घाबरून बसलात, म्हणून म्हटलं आपणच आधी घेऊन बघू. कुठल्या हातात देऊ, असं नर्सनं विचारलं. कात्री उजव्या हातात, म्हणून मी शहाणपणानं डावा पुढे केला. पण कंगवा डाव्या हातात असतो ना! दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये एका आजोबांचे केस कापता कापता तो हात वरच जाईना. बिचारे अर्ध्याच कापलेल्या डोक्यावर टोपी घालून घरी गेले.

संध्याकाळी हुडहुडी भरली, अंग मोडून आलं. तापाची गोळी घेतली आणि दोन पांघरुणांत गुडूप झाले. रात्री काही झालंच तर शेजाऱ्यांना आत येता यावं म्हणून दाराची कडी तेवढी काढून ठेवली होती, उगाचच.

दोन दिवसांत ताप पळाला. आज आजोबा उरलेलं डोकं घेऊन हजर, आणि माझा हात सरळ वर!

तुमच्या कमरेला अजून सदरा टोचतो का? खरं सांगा. तिकडे मुलाच्या घरी सूनबाईला मलम लावू देता, की तिच्यावरही खेकसता? गेल्या वर्षी ती नागीण महिनोन्महिने सोसलीत. त्यापुढे हा ताप काहीच नाही हो.

माझा दुसरा डोस दोन महिन्यांनी आहे. डॉक्टरांना विचारून तुम्ही पहिला त्याच दिवशी घ्या. इतक्या लांबून दोघं एकदमच कण्हू. तेवढाच संसार!

तुमचीच,
आता कडी लावून झोपणारी